तीन सेंटिमीटर

माझ्या टेपचे पहिले तीन सेंटिमीटर तुटलेत.
नोकरीच्या दुसऱ्याच हिवाळ्यात
कुताईसीच्या बसच्या दारात अडकून गेले.
नवी टेप मागायला तीन सह्या लागतात,
त्यातली एक कायम रजेवर असते.

म्हणून मी तीनपासून मोजतो.
आग लागू शकेल अशा वस्तूपासून भिंत
दोनशेवर हवी, असं कलम सतरा म्हणतं.
टेप दोनशे दाखवते तेव्हा खरं अंतर असतं एकशे सत्त्याण्णव.
वजाबाकी करायची की नाही
ते फोनवर कळतं.

त्सिआलाच्या भट्टीला केली.
तिच्या नवऱ्यानं त्या वर्षी नको तो झेंडा खांद्यावर घेतला होता.
शिशाचा गोळा, तार, पक्कड.
कट्.
आत शोती पाव अजून मातीला चिकटलेले,
त्यांच्या करपण्याचा वास
रिओनीवरच्या पुलापर्यंत माझ्यामागे आला.

तेव्हा मुर्मान पिठाच्या पोत्यावर चढून ओरडला होता,
"आज भिंत मोजतायत, उद्या श्वास मोजतील!"
डोळ्यांत पाणी होतं. खरं होतं, मी जवळून पाहिलं.
समोर औषधाच्या दुकानाच्या पायरीवर
गुरामची माणसं सूर्यफुलाच्या बिया सोलत बसलेली.
कायदा म्हणजे कायदा, म्हणत
सालं थुंकत होती.

मग निवडणूक झाली.
खुर्च्या त्याच, खोळी बदलल्या.
मुर्मान आता दुसऱ्या मजल्यावर बसतो,
फोन त्याचा येतो.
"गुरामचा छापखाना. कागदाचे गठ्ठे आहेत, हीटर आहे.
बघून ये जरा."
जरा म्हणजे तीन, हे मला पाठ आहे.

तरी म्हटलं, साहेब, हेच ते कलम सतरा.
"ते वेगळं होतं," तो म्हणाला.
आणि त्याला खरंच वेगळं वाटत होतं.
खोटं बोलणाऱ्याचा आवाज मी ओळखतो,
तो हा नव्हता.
त्या रात्री मला झोप लागली नाही
ती याच्यामुळे.

आपला तो बाब्या, त्यांचं ते कार्टं.
दर निवडणुकीला बाब्याचं कार्टं होतं,
कार्ट्याचा बाब्या.
पाळणा सरकारी आहे,
दोरी ओढण्याचा पगार मला मिळतो,
महिन्याच्या पाच तारखेला, कधी सात.

छापखान्यापाशी गर्दी होती.
पायरीवर आता दुसरे लोक,
बिया त्याच.
गुराम दारात उभा राहून ओरडला,
"आज भिंत मोजतायत, उद्या श्वास मोजतील!"
हे वाक्य कुणाचं, त्याला आठवत होतं की नाही
कोण जाणे. पायरीवरच्यांना नव्हतं आठवत.
कुणीतरी हसलं.

त्सिआला आली. एप्रनला पीठ.
तिच्यासाठी लोकांनी वाट केली,
आज टाळी वाजवायचा पहिला हक्क तिचा.
ती माझ्या अगदी जवळ आली, हळू म्हणाली,
"आज शून्यापासून मोजलंस की तीनपासून?"

सहा वर्षं तिला माहीत होतं.
सांगणार कुणाला?
तक्रारपेटीची किल्ली दुसऱ्या मजल्यावर,
मजल्यावर कोण बसतं ते फक्त बदलतं.

मी टेप बघत राहिलो.
पिवळी, कडेला गंजलेली, चारचा आकडाही आता पुसट होत चाललाय.
लिहिलं एकशे सत्त्याण्णव.
कट्.

संध्याकाळी पाव घ्यायला गेलो.
या गावात चांगला पाव एकाच ठिकाणी मिळतो,
नाहीतर गेलो नसतो.
तिनं भट्टीत वाकून एक शोती काढला,
होडीसारखा, दोन्ही टोकं निमुळती.
एक टोक मोडलं, स्वतःच्या तोंडात टाकलं,
उरलेला वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिला.

पैसे पूर्ण घेतले.
मी काही मोजलं नाही.